सणाच्या गर्दीत उतरायचे कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मला भाषण कुठले करता येते? मला पाहुण्यांची व्यवस्था तेवढी करता येते." त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला की." म्हणून आजचा हा विषय. तो ऐकून मघाशी मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती मला ऐकू आली आहे बरे का! परंतु ज्या हसल्या त्यांच्याही घरी फाल्गुन लागला की फोन येतोच. कोणाला रंगपंचमीच्या रहाडी पाहावयाच्या असतात, कोणाला चैत्रात रामाचा रथ, आणि सिंहस्थ जवळ आला की मग विचारूच नका. सगळ्यांचे बोलणे एकच. "एखादे चांगले हॉटेल बघून ठेव ना. रामकुंडाजवळचेच बघ हं!"

आता गंमत अशी, की आपण नाशिकच्या बायका नाशिकच्या हॉटेलात एक रात्रसुद्धा काढीत नाही. आपली घरे इथे, आपण कशाला काढू? म्हणजे ज्या गोष्टीची आपल्याला काडीची माहिती नाही, तिचीच शिफारस आपल्याला करावी लागते. आणि आपण ती बेधडक करतो. मीही केली होती. त्याचे काय झाले ते पुढे सांगते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. यात्रेकरू नाशकास आला की त्याचे गाव आणि आडनाव विचारीत, आणि त्यावरून त्याचे उपाध्ये कोण ते ठरे. उपाध्यांच्या चोपड्यांत त्याच्या आज्या-पणज्याचे नाव सापडे आणि त्यांच्याच वाड्यात तो उतरे. जागा निवडायची नसे. ती पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असे. ज्यांना तेवढाही आधार नव्हता त्यांच्यासाठी धर्मशाळा होत्या. गाडगे महाराजांनी गोदाकाठी गोरगरीब यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. वाड्यात सोय फार होती असे नाही. पडवीत सतरंजी, विहिरीचे पाणी, आणि पहाटे तीनलाच उठवणार. पण एक होते. वाड्यातल्या माणसांना सणाचा दिवस कसा उलगडतो हे पाठ असे. कोणत्या वेळी कोणती गल्ली तुंबते, कोणत्या बोळातून घाटावर उतरावे, आजीबाईंना कधी नेऊ नये, हे ती आपण होऊन सांगत. वाडे गेले, लॉज आले, तसे हे सांगणारे माणूसही गेले. लॉजमध्ये खोलीचे भाडे सांगतात, रस्त्याचे कोणी सांगत नाही.

असो. आता माझी गोष्ट.

२०१४ सालच्या रथाला आमच्या ह्यांच्या आत्याबाई आणि आतोबा अकोल्याहून यायचे होते. आत्याबाईंची पुष्कळ वर्षांची इच्छा होती. आमच्या घरी तेव्हा सून बाळंतीण, दोन खोल्यांत सात माणसे. म्हणून मी त्यांच्यासाठी पंचवटीत एका लॉजवर खोली पाहिली. लॉज अगदी रथाच्या वाटेवर. खोलीला गॅलरी, आणि खाली रस्ता. माझ्या मनात आले, बसल्या जागी रामराया दारात येईल, म्हाताऱ्या माणसांना याहून सुख ते कोणते? भाडे नेहमीच्या तिप्पट सांगितले. तेही मी कुरकुर न करता दिले. खोली मी पाहिली ती एका साध्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. रस्ता मोकळा, ऊन पडलेले, चादरी स्वच्छ. मी मोठ्या समाधानाने घरी आले.

रथाचे आपल्याला सांगावयास नको, पण तरुण मुली आणि नव्याने इकडे राहावयास आलेल्या भगिनी आहेत त्यांच्यासाठी सांगते. रामनवमीनंतर येणाऱ्या एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, काळाराम मंदिरापासून दोन रथ निघतात. पुढे गरुडरथ, मागे रामरथ. रामरथापुढे मानाचे पुजारीबुवा देवाकडे तोंड करून उलट्या पावली चालतात. रामरथ नदी ओलांडीत नाही, तो पंचवटीच्याच बाजूस राहतो. गरुडरथ मात्र पलीकडे जाऊन जुन्या नाशकातून फिरून येतो. दुपारनंतर निघालेली ही मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. रथ दोरांनी ओढतात, वळणावर थांबतात, लोक ओवाळतात. घड्याळाचा हिशेब तिथे चालत नाही. हे सगळे मला लहानपणापासून ठाऊक. ठाऊक असून मी ते खोली घेताना ध्यानात घेतले नाही, हे माझे चुकले.

ठरले असे होते, की रात्रीचे जेवण मी घरून डब्यात घेऊन जायचे. आतोबांना मधुमेह, रोज रात्री आठला इन्सुलिनची सुई आणि लगेच जेवण, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. मी साडेसहालाच निघाले. रिक्षावाल्याने होळकर पुलाच्या अलीकडेच उतरवून दिले. पुढे गाडी जात नव्हती. पुलावर माणसांची भिंत. हातात चार पुडांचा डबा, खांद्याला पिशवी, आणि मी इंच इंच पुढे सरकत होते. फोन लावावा तर लागेना. त्या गर्दीत कोणाचाच लागत नव्हता. तिकडे लॉजवाल्यांनी रथ जवळ आला तसे खालचे शटर ओढून घेतले. त्यात त्यांचेही चुकले असे मी म्हणत नाही; लोंढा आत शिरला असता. पण त्यांचे स्वयंपाकघर त्या दिवशी बंद होते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. आणि जी गॅलरी आमची म्हणून आम्ही तिप्पट भाडे भरले, तिच्यात मालकांच्या ओळखीची पंचवीस-तीस माणसे खोलीतूनच ये-जा करीत होती.

आतोबांनी नेमाप्रमाणे आठला सुई घेतली. डबा येतच असेल, या भरवशावर. रथ गॅलरीखालून गेला तेव्हा सगळी मंडळी कठड्याला आणि हे मागे खाटेवर घामाने थबथबलेले, हात थरथरताहेत, बोलणे अडखळते आहे. आत्याबाईंनी खाली जाऊन शटर वाजविले, बाहेरच्या जयजयकारात कोणाला ऐकू जाणार? शेवटी गॅलरीतून त्यांनी शेजारच्या वाड्याच्या ओट्यावरच्या एका बाईला हाका मारल्या. चैत्र महिना. त्या बाई रथाबरोबरच्या माणसांना पन्हे वाटीत होत्या. त्यांनी प्रसंग ओळखला, पन्ह्याची कासंडी मुलाच्या हाती दिली, आणि तो मुलगा सामाईक भिंतीवरून चढून गॅलरीत आला. गुळाचे पन्हे दोन भांडी पोटात गेले, तेव्हा पाऊण तासाने आतोबा नीट बोलू लागले. मी डबा घेऊन पोहोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. वरण पार थंडगार.

आत्याबाई मला एक शब्द रागे भरल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगं, देव दारात आला होता खरा, पण आम्हांला दाराबाहेर पडता येईना." भगिनींनो, ते वाक्य मला रागावण्याहून लागले.

त्या दिवसापासून मी पाहुण्यांसाठी जागा पाहायला जाते ती खोली पाहायला जात नाही, दार पाहायला जाते. सणाच्या दिवशी हे दार कधी बंद होते, ते बंद झाले की मागच्या अंगाला दुसरे आहे का, आणि त्या दुसऱ्या दाराने निघालेले माणूस गर्दीत न शिरता कोठवर जाऊ शकते. या एका प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले तर बाकीचे बहुतेक आपोआप जमते. उत्तर देताना लॉजवाला घुटमळला, की मी चहाला नको म्हणून उठते.

आता यातून निघणारी गोष्ट अशी, की मिरवणुकीच्या वाटेवर उतरू नये, वाटेच्या कडेला उतरावे. दहा-पंधरा मिनिटे चालून रस्त्यावर येता यावे आणि तेवढीच चालून परत जाता यावे. ज्यांना रामरथ पाहावयाचा आहे त्यांनी नदीच्या पंचवटीकडच्या बाजूसच, परंतु मिरवणुकीच्या बाहेर, निमाणीच्या अंगाला जागा पाहावी. तिथे बसस्थानक आहे, आणि गर्दीकडे पाठ करून गावाबाहेर पडता येते. गरुडरथ पाहणाऱ्यांना शालिमारची किंवा मध्यवर्ती बसस्थानकाची बाजू बरी. रामकुंड तिथून दोनेक किलोमीटर. धडधाकट माणसाला काही नाही. मात्र गुडघेदुखीच्या आजीला तीच वाट डोंगराएवढी, हे फोनवर सांगायला आपण विसरतो. आणि नाशिकरोड स्टेशनाजवळ उतरणारे पाहुणे तर "स्टेशनपासून जवळच ना?" असे विचारतात! स्टेशन ते पंचवटी नऊ-दहा किलोमीटर आहे, आणि सणाच्या संध्याकाळी शेवटचे दोन पायीच.

नदी कोणत्या अंगाला आहे, हे आधी पाहावे असे मी सर्वांना सांगते. आपल्या गावाचे पूल हे सणाच्या दिवशी पूल राहत नाहीत, चाळणी होतात. डबा, औषध आणि डॉक्टर ही तिन्ही पाहुण्यांच्या काठावरच असली पाहिजेत.

रंगपंचमीची तऱ्हा वेगळी. पहिली चूक होते ती तारखेतच. मुंबईची, उत्तरेकडची मंडळी धुळवडीची खोली घेऊन येतात आणि रंग कुठे आहे म्हणून विचारतात. आपल्याकडे धुळवडीला वीर निघतात, दाजीबा वीरांची मिरवणूक असते. रंग खेळायचा तो पंचमीला. म्हणून कोणी फोन केला की आधी तिथी सांगावी, मग हॉटेल. वर्षभर मातीखाली बुजवून ठेवलेल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात, पूजा होते, मानकऱ्याची उडी पडते आणि मग धप्पे सुरू होतात. जुन्या नाशकात तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन आणि पंचवटीत शनी चौक. गल्ल्या अशा, की समोरासमोरच्या घरांतून एकमेकींना वाटी देता यावी. रहाडीचा रंग अंगावरून दोन-चार दिवस जात नाही, त्यामुळे लॉजवर आधी स्पष्ट विचारावे की रंगलेल्या अंगाने आत घेणार का, खाली हातपाय धुवायला पाणी आहे का, आणि डागाळलेल्या चादरीचे किती पैसे कापणार. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला दोन तास ओल्या कपड्यांनी रस्त्यावर उभे ठेवले होते. लॉजवाल्याचेही खरे, त्याच्या फरशीचे गुलाबी डाग दिवाळीपर्यंत गेले नसते. पण हे आदल्या दिवशी सांगायचे होते!

भाड्याविषयी फार बोलत नाही. सणाला ते वाढणारच. कांदा वाढतो तसे. मात्र पैसे भरण्यापूर्वी त्या लॉजवर कोणी प्रत्यक्ष जाऊन आलेले असावे. मोबाइलवर मंदिराच्या, देवस्थानाच्या नावाने खोट्या जाहिराती असतात. फोटो सुंदर, बोलणारा गोड, आणि पैसे पाठविले की फोन बंद. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना अशा बनावट संकेतस्थळांविषयी जाहीर इशाराच दिला होता. इथे आपल्यासारख्या गावातल्या बायकांचा खरा उपयोग आहे. एक रिक्षा करून जावे, जागा अस्तित्वात आहे की नाही ते डोळ्यांनी पाहावे, नावानिशी पावती घ्यावी. पावतीवर किती वाजता खोली सोडायची तेही लिहून घ्यावे. रस्ते बंद असताना दुपारी बाराला सामानासकट बाहेर काढलेली माणसे मी पाहिली आहेत.

मी स्वतः पाहुणी झाले ती २०२३ साली, पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीला. लेकीची मैत्रीण हौसेने लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी उतरली, आम्ही डेक्कनच्या बाजूस नदीपलीकडे. मानाचे पाच गणपती आम्ही अलका चौकात उभ्या राहून डोळे भरून पाहिले, आणि लकडी पुलावरून चालत खोलीवर येऊन झोपलो. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चाललेली असते, चोवीस तासांहून अधिक. तेवढा वेळ त्या मुलीच्या खोलीची तावदाने ढोलांनी आणि ध्वनिवर्धकांनी थरथरत होती. सकाळी ती आमच्या खोलीवर आली ती बोलली नाही, उशी घेऊन आडवी झाली. आता तिथे मेट्रो झाली आहे. २०२५ च्या विसर्जनाला ती अहोरात्र धावली. त्यामुळे पुण्यास जाणाऱ्या भगिनींनी लांब राहून ये-जा केली तरी चालेल.

आता सिंहस्थाचे. यासाठीच मी हा विषय मनावर घेतला. या खेपेच्या नाशिकच्या अमृतस्नानाच्या तारखा २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ अशा जाहीर झाल्या आहेत. रथाला येणाऱ्या गर्दीशी याची तुलनाच नको. पाहुण्यांना एक विचारून घ्या, की त्यांना नाशकात स्नान करायचे आहे की त्र्यंबकास. दोहोंत तीस किलोमीटरांचे अंतर आहे, आणि पर्वणीच्या दिवशी ते कापता येईल असे धरून चालू नये.

आणि दुसरे सांगताना जीभ जड होते. २७ ऑगस्ट २००३, पर्वणीचा दिवस. काळारामाकडून सरदार चौकातून रामकुंडाकडे जो उतार आहे, त्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तिसांहून अधिक भाविक गेले. त्या उतारावरून आपण एरवी देवदर्शनाला, तांब्याभर गंगा आणायला सहज जातो. दोन माणसे बोलत चालली तर तिसऱ्याला थांबावे लागते अशी ती वाट. "रामकुंडाजवळचेच बघ" असे जेव्हा कोणी फोनवर म्हणते, तेव्हा मला तो उतार दिसतो. ज्या जागेतून बाहेर पडायची एकच वाट आहे आणि ती घाटाकडेच उतरते, ती जागा फुकट मिळाली तरी पर्वणीला घेऊ नये. मग पाहुण्यांना वाईट वाटले तरी चालेल.

शिवाय सिंहस्थ येतो भर पावसाळ्यात. बाहेरच्यांना दुतोंड्या मारुती ठाऊक नसतो. पाणी मारुतीच्या कुठवर आले यावरून आपण पुराचा अंदाज घेतो, ते गुडघ्यापर्यंत असले तर आपल्याला काही वाटत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. तेव्हा सराफ बाजार, भांडी बाजार या भागापर्यंत पाणी आले होते. तळमजल्यावरची स्वस्त खोली घेणाऱ्याला हे कोण सांगणार? लॉजवाला तर नाहीच.

तेव्हा माझी मंडळाला एक सूचना आहे. आपण चाळीस-पन्नास जणी आहोत. प्रत्येकीने आपल्या घराजवळची एकच निवासाची जागा पाहावी, सकाळी नव्हे, संध्याकाळी गर्दीच्या वेळी. मागचे दार, जिना, जवळचा दवाखाना आणि पुराचे पाणी, एवढे एका वहीत लिहावे. उपाध्यांच्या चोपड्या होत्या, तशी आपली एक चोपडी. वही मी आणली आहे. ती चिटणीसबाईंकडे ठेवते. पहिले पान मी भरले आहे.

ते पान आत्याबाईंसाठीच आहे. आतोबा आता नाहीत. आत्याबाईंनी शहाऐंशी पूर्ण केली आणि गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, की यंदा पुन्हा रथाला यायचे म्हणते. मी निमाणीकडे एक तळमजल्याची, पण उंच जोत्याची खोली पाहिली आहे. मागच्या दाराला सरळ रस्ता, दोन घरे सोडून डॉक्टर. परवा संध्याकाळी तिथून रथाच्या वाटेपर्यंत चालून पाहिले. माझ्या चालीने अकरा मिनिटे लागली, त्यांच्या चालीने पंचवीस धरली आहेत. वाटेत बसायला दोन ओटे आहेत, आणि दुसऱ्या ओट्यावरच्या बाईंना मी सांगून ठेवले आहे.